गाजर, काळा चष्मा आणि दांडिया बाजारातली माडी

येत्या रविवारपासून बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घराच्या माडीवर ‘करमचंद’ ही दूरदर्शनची जुनी मालिका पुन्हा बघायचं ठरलं आहे. आठवड्याला एकच भाग, रात्रीची जेवणं आटोपल्यावर. पंधरा-सोळा माणसं जमतील. निम्मी साठीच्या पुढची, उरलेली त्यांना जिना चढवायला आलेली. भाची म्हणाली, “मामा, एवढेसे तर भाग आहेत. दोन रात्रीत उरकू की सगळे!” तिला नाही म्हटलं. का नाही म्हटलं ते सांगायला बसलो आणि हे टिपण लांबत गेलं. खुनी कोण हे यात कुठेही लिहिलेलं नाही, तेव्हा निर्धास्त वाचा.

आधी नावाचं बघू. गुजरातेत करमचंद म्हटलं की पहिल्यांदा आठवतात ते पोरबंदरचे आणि पुढे राजकोटचे दिवाण, म्हणजे गांधीजींचे वडील. १९८५ साली दूरदर्शनवर त्याच नावाचा एक गाजर चावणारा, काळा चष्मा लावणारा खासगी गुप्तहेर अवतरला, तेव्हा आमच्या शेजारच्या गुजराती काकांना ते मुळीच रुचलं नव्हतं. पण योगायोग बघा. करमचंदचं काम केलं पंकज कपूर यांनी. ‘गांधी’ चित्रपटात ते गांधीजींचे सचिव प्यारेलाल झाले होते आणि त्याच्या हिंदी आवृत्तीत बेन किंग्जली यांच्या तोंडचा आवाजही त्यांचाच होता. मोहनदास करमचंदांना हिंदीत बोलतं करणारा माणूस तीनेक वर्षांत स्वतःच करमचंद होऊन बसला. काकांना हे तेव्हा ठाऊक असतं तर कदाचित त्यांनी चहा तरी घेतला असता.

बडोद्याची पहिली तपासकथा

टीव्ही यायच्या शंभर वर्षं आधी या गावात एक अशी तपासकथा घडली की ती कुणी मालिकेसाठी लिहून आणली असती तर ‘फार झालं’ म्हणून परत केली असती. ९ नोव्हेंबर १८७४. इंग्रज सरकारचे संस्थानातले प्रतिनिधी, म्हणजे रेसिडेंट, कर्नल फेअर सकाळचा फेरफटका मारून बंगल्यावर आले. रोजच्यासारखं पपनसाचं सरबत टेबलावर होतं. दोन-तीन घोट घेतले, चव बरी वाटेना, म्हणून उरलेलं खिडकीबाहेर ओतून दिलं. मग लक्ष गेलं ते पेल्याच्या तळाशी राहिलेल्या गाळाकडे. तो तपासला तर त्यात सोमल, म्हणजे आर्सेनिकचं विष, निघालं आणि एक चकचकीत पूड. ती हिऱ्याची, असं सांगण्यात आलं. संशय गेला थेट गादीवर, मल्हारराव गायकवाडांवर.

तपासाला मुंबईचे पोलीस आले. त्यांच्या हातून एका हवालदाराच्या पट्ट्यात दडवलेली सोमलाची पुडी निघाली आणि खटल्याचा बराचसा डोलारा तिच्यावर उभा राहिला. मल्हाररावांच्या बाजूने उभं राहायला लंडनहून सार्जंट बॅलंटाइन नावाचे नामांकित वकील बोलावले होते. त्यांनी नेमकी ती पुडीच पकडली. नको तिथे, हवी तेव्हा सापडलेल्या पुराव्याकडे कसं बघायचं याचा तो धडाच होता. खटल्यासाठी नेमलेल्या आयोगावर सहा जण होते, तीन इंग्रज आणि तीन हिंदी. हिंदी सदस्य म्हणजे ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराज रामसिंह आणि सर दिनकरराव. निकाल बरोबर मधोमध फाटला. तिघा इंग्रजांना गुन्हा सिद्ध वाटला, तिघा हिंदी सदस्यांना नाही. सरकारने मग विषाचं प्रकरण बाजूला ठेवलं आणि १८७५ च्या एप्रिलमध्ये ‘गैरकारभार’ हे कारण देऊन मल्हाररावांना पदच्युत करून मद्रासला धाडलं. त्यांच्या जागी नाशिकजवळच्या कवळाण्याहून बारा वर्षांचा मुलगा दत्तक आणला गेला. तेच आपले तिसरे सयाजीराव.

हे सगळं इथे का, असं कुणी विचारेल. आमच्या गावात गुप्तहेर या प्राण्याकडे थोडं तिरकं बघायची सवय तिथपासूनची आहे, म्हणून. आजी पपनस सोलायला बसली की हटकून म्हणायची, “आधी मांजराला दे.”

लायब्ररीतली भाडोत्री भीती

सयाजीरावांनी १९०६ साली राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. शिकलेल्याला वाचायला काही हवं म्हणून १९१० मध्ये बॉर्डन नावाचे अमेरिकन ग्रंथपाल बोलावून गावोगाव वाचनालयं उभी केली. मांडवीजवळची सेंट्रल लायब्ररी त्या सगळ्या जाळ्याचं मूळ. महाराजांच्या मनात होती ज्ञानवृद्धी. लोकांनी मात्र ज्ञानाबरोबर खूनही घरी नेले. मराठी विभागातली बाबूराव अर्नाळकरांची पुस्तकं कायम बाहेर असायची आणि परत यायची तेव्हा पानं हळदीची. अर्नाळकरांनी हजाराहून जास्त रहस्यकथा लिहिल्या. झुंजार, काळापहाड ही नावं माझ्या वडिलांच्या पिढीला नातेवाइकांसारखी पाठ होती. या नायकांचा एक गुण मात्र नीट लक्षात ठेवा, पुढे लागेल: ते कधी हसत नसत. डोळ्यांतून अंगार, हातात पिस्तूल, ओठांवर फार तर एक कडवट रेघ. वाचकाने त्यांना भ्यायचं किंवा त्यांच्यावर लुब्ध व्हायचं. त्यांची चेष्टा करायची सोय नव्हती.

हिंदी-उर्दूत चित्र थोडं वेगळं होतं. अलाहाबादहून १९५२ पासून निघणाऱ्या ‘जासूसी दुनिया’मध्ये इब्ने सफी यांनी गंभीर फरीदीच्या शेजारी थट्टेखोर हमीद बसवला आणि पुढे इम्रान नावाचा वेड पांघरून पेडगावला जाणारा हेर निर्माण केला. हिंदी आवृत्तीत फरीदीचा विनोद झाला आणि इम्रानचा राजेश, पण खोड तीच राहिली. रेल्वे स्टेशनावरच्या स्टॉलवर ही पुस्तकं मिळत. बडोदं मोठं जंक्शन, त्यामुळे आमच्याकडे मराठी अंगार आणि हिंदी फाजीलपणा दोन्ही एकाच पिशवीतून येत. मराठीत हलकंफुलकं हेरपण आलं ते मुलांच्या वाटेने, भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेबरोबर. मोठ्यांचा गुप्तहेर मात्र तोंड पाडूनच राहिला.

आपल्या तमाशाच्या वगात राजा वेगळा आणि सोंगाड्या वेगळा. राजाने रुबाब करायचा, सोंगाड्याने त्याच्या रुबाबाला टाचणी लावायची. करमचंदमध्ये दोघं एकाच कोटात आहेत. खुनी तोच पकडतो आणि हसू त्याचंच होतं. मराठी वाचकाला हे नवं होतं आणि म्हणूनच तो माणूस आमच्या माडीवर इतक्या लवकर घरचा झाला, असं माझं मत आहे.

पीज ते दिल्ली

आता टीव्हीकडे. दिल्लीत १५ सप्टेंबर १९५९ ला प्रक्षेपण सुरू झालं आणि मुंबईला २ ऑक्टोबर १९७२ ला. गुजरातेत ते आलं, पण आधी शहरात नाही. नडियादजवळचं पीज हे खेडं बडोद्याहून तासा-दीड तासाच्या अंतरावर आहे. १९७५ मध्ये तिथे अवघ्या एक किलोवॅटचा ट्रान्समीटर उभा राहिला आणि अहमदाबादच्या स्पेस अॅप्लिकेशन्स सेंटरने खेडा जिल्ह्यातल्या गावांसाठी गुजरातीत कार्यक्रम करायला सुरुवात केली. त्याच सुमारास, १ ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर, अमेरिकेच्या उपग्रहावरून सहा राज्यांतल्या २४०० गावांमध्ये शिक्षणाचे कार्यक्रम दाखवण्याचा ‘साइट’ प्रयोग चालला. त्याची धुरा होती एकनाथ चिटणीस या कोल्हापूरकडच्या मराठी शास्त्रज्ञाकडे. विक्रम साराभाईंचं स्वप्न, चिटणिसांची व्यवस्था आणि समोर पंचायतीच्या ओट्यावर बसलेला गाव.

पीजच्या कार्यक्रमांत गावचीच माणसं, गावचीच बोली. सावकार, मजुरी, अस्पृश्यता यांवर नाटकं व्हायची आणि बघणारे भांडत भांडत घरी जायचे. या कामाला १९८४ साली युनेस्कोचा ग्रामीण संपर्काचा पुरस्कारही मिळाला. त्या दूरचित्रवाणीला प्रेक्षकाचं तोंड दिसत होतं. गंमत अशी की पुरस्कार मिळाला त्याच वर्षी तिचे दिवस भरत आले होते. दिल्लीहून एकच राष्ट्रीय कार्यक्रम सगळ्यांच्या ताटात वाढायचं ठरलं होतं आणि खेड्यातली बोली त्याच्याखाली झाकली गेली. मला याची अजून चुटपुट आहे. पण खोटं का बोला, तेव्हा आम्ही शहरातली पोरं त्या राष्ट्रीय कार्यक्रमाची वाट बघत होतो.

१९८२ च्या १५ ऑगस्टला राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, रंग आले, नोव्हेंबरात दिल्लीत एशियाड झालं. १९८४ मध्ये तर काही महिने सरासरी दिवसाला एक ट्रान्समीटर उभा राहत होता. गावाच्या छतांवर अॅल्युमिनियमचे सांगाडे उगवले. बडोद्यात त्यांचा एक खास शत्रू होता: उत्तरायण. जानेवारीत १४ तारखेला सगळं गाव गच्चीवर, आणि संध्याकाळपर्यंत प्रत्येक अँटेनाला चार पतंग आणि मांजाची जटा. मग रात्री पडद्यावर मुंग्या. एकाने वर जाऊन दांडा फिरवायचा, दुसऱ्याने जिन्यात उभं राहायचं, तिसऱ्याने टीव्हीसमोरून ओरडायचं: “आलं... आलं... गेलं!”

आमच्यासारख्या मराठी घरांची आणखी एक अडचण होती. मुंबई केंद्राचे मराठी कार्यक्रम आम्हाला दिसत नसत. मुंबईचा मामा सुट्टीत येऊन त्यांची वर्णनं करी आणि आम्ही ती ऐकून घेत असू. अहमदाबादहून यायचं ते गुजराती, दिल्लीहून यायचं ते हिंदी. घरात मराठी, ओट्यावर गुजराती आणि टीव्हीत हिंदी अशी वाटणी होती. त्यामुळे माडीवर जमणाऱ्या पंचवीस-तीस माणसांची समाईक मालमत्ता म्हणजे हिंदी मालिका. रावपुऱ्यातला गुजराती दुकानदार, सियाबागेतल्या आमच्या आत्या आणि वर राहणारं सिंधी बिऱ्हाड, सगळ्यांना करमचंद सारखाच कळायचा.

पैसे कुणी दिले

मालिका कशा सुरू झाल्या हे सांगितल्याशिवाय करमचंद कळणार नाही. दूरदर्शनवर जाहिराती १९७६ पासून होत्या, पण कार्यक्रम बहुतेक खात्याचेच. ७ जुलै १९८४ ला ‘हम लोग’ सुरू झाली. माहिती-प्रसारण खात्याचे सचिव एस. एस. गिल मेक्सिकोला जाऊन आले होते. तिथे मिगेल साबिदो यांनी कुटुंबनियोजनासारखे विषय रडक्या मालिकांतून घराघरांत पोचवले होते. तीच युक्ती इथे करायची, असं ठरलं. मनोहर श्याम जोशींनी लिहिली, शेवटी अशोक कुमार येऊन दोन शब्द सांगायचे. पण खरी क्रांती पैशाची होती. पुरस्कर्ता कंपनी खर्च उचलणार, बदल्यात तिला जाहिरातीची वेळ मिळणार. ‘हम लोग’च्या मागे दोन मिनिटांत होणाऱ्या नूडल्स होत्या आणि त्या मालिकेने देशाला कुटुंबनियोजन किती शिकवलं देव जाणे, नूडल्स मात्र नक्की शिकवल्या.

या व्यवस्थेने दार उघडलं आणि आत शिरली ती पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून आणि दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयातून बाहेर पडलेली, काम शोधणारी पिढी. समांतर सिनेमात नाव होतं पण पोट भरत नव्हतं. दर आठवड्याचा अर्धा तास म्हणजे त्यांना जवळजवळ नियमित पगार. १९८३ साली कुंदन शाह यांनी ‘जाने भी दो यारो’ केला. दोन भोळे फोटोग्राफर चुकून एका खुनाचा फोटो काढतात आणि हेर होऊन बसतात. पंकज कपूर त्यात तरनेजा हा बिल्डर होते, थंड आणि गोड बोलणारे. पुढच्याच वर्षी तेच कुंदन शाह ‘ये जो है ज़िंदगी’ घेऊन दूरदर्शनवर आले, संवाद शरद जोशींचे. म्हणजे १९८५ पर्यंत दोन गोष्टी सिद्ध झाल्या होत्या: खुनावर हसता येतं, आणि घरातल्या माणसांना दर आठवड्याला हसवता येतं. कुणीतरी दोन्ही जोडायचंच बाकी होतं.

ते काम पंकज पाराशर यांनी केलं. त्याआधी त्यांच्या नावावर ‘अब आएगा मज़ा’ होता. पुढे ‘जलवा’ आणि ‘चालबाज़’ आले. दूरदर्शनच्या तेव्हाच्या मालिका बहुतेक बैठकीच्या खोलीत घडत: सोफा, मागे पडदा, माणसं एका रांगेत उभी राहून आपापल्या पाळीने बोलणारी. पाराशरांचा कॅमेरा स्वस्थ बसत नाही. चेहऱ्याच्या अगदी जवळ जातो, चटकन तुटतो, भलत्याच कोनातून डोकावतो. आज हे डोळ्याला खुपेल, कारण आता सगळेच तसं करतात. रविवारी बघताना शेजारी त्या काळच्या बातम्या ठेवून बघा, म्हणजे त्या चळवळ्या कॅमेऱ्याने १९८५ मध्ये काय गडबड उडवली असेल ते कळेल.

गाजर

प्रत्येक गुप्तहेराच्या हातात काही ना काही असतं. होम्सकडे पाइप, प्वारोकडे मिशा. अमेरिकेच्या टीव्हीवरच्या कोजॅकच्या तोंडात लॉलीपॉप होता, कारण त्याची सिगारेट सोडवायची होती. तिथल्याच कोलंबोकडे चुरगळलेला रेनकोट आणि जाता जाता दारातून मागे वळून विचारलेला एक शेवटचा प्रश्न. कोलंबोचे भाग उलटे रचलेले असत: खुनी आधीच दाखवायचा आणि मग तो सापडतो कसा हे बघत बसायचं. ऑस्टिन फ्रीमन यांनी १९१२ च्या सुमारास कथेत आणलेली ही पद्धत आहे. कोलंबो आणि करमचंद चुलतभाऊ वाटतात, दोघांनाही समोरचा हलक्यात घेतो. फरक एवढाच की कोलंबो मुद्दाम वेंधळा दिसतो आणि करमचंद मुद्दाम हुशार. काळा चष्मा, तुटक बोलणं, ‘मला सगळं माहीत आहे’ अशी मान. आणि एवढा थाट मांडून माणूस चावतो काय, तर गाजर. पिस्तूल नाही, चिरूट नाही. खंडेराव मार्केटात पावशेर मिळणारी भाजी. सोंगाड्याची टाचणी ती हीच.

आमच्या गल्लीत त्या वर्षी पोरांनी आयांकडून गाजरं मागून घेतली. भाजीला हात न लावणारी कार्टी कच्ची गाजरं खाताना बघून आयाही खूश होत्या. चष्मा वडिलांचा पळवायचा आणि तपास करायचा तो मधल्या चौकातून गेलेल्या चपलेचा.

एक गोष्ट आज नीट बघावी अशी आहे. हे सगळं सरकारी वाहिनीवर चाललं होतं. प्रसार भारती ही स्वायत्त संस्था १९९७ मध्ये आली. त्याआधी दूरदर्शन थेट मंत्रालयाच्या हाताखाली. तिथे पोलिसांना जे जमत नाही ते एक खासगी माणूस गाजर खात खात उलगडतो असं दर आठवड्याला दाखवायचं, यात थोडी हिंमत होतीच. विनोदाच्या आडून ती खपून गेली. गंभीर चेहऱ्याच्या झुंजाराला ती मुभा मिळाली असती का, याची मला शंका आहे. त्याच वर्षी बासू चटर्जींची ‘रजनी’ आली होती. प्रिया तेंडुलकरांनी त्यात गॅसवाल्यापासून टॅक्सीवाल्यापर्यंत सगळ्यांना जाब विचारला आणि खऱ्या टॅक्सीवाल्यांचा रोष ओढवून घेतला. करमचंदवर कुणी मोर्चा काढला नाही. ज्याच्यावर आपण हसतो त्याच्यावर मोर्चा निघत नाही.

खऱ्या खासगी गुप्तहेरांचं काय, हेही जाता जाता. त्यांच्यासाठी वेगळा कायदा करण्याचं विधेयक २००७ मध्ये संसदेत मांडलं गेलं, ते तडीस गेलं नाही. त्यांच्याकडे खून फारसे येत नाहीत, लग्नाआधीच्या चौकश्या येतात. बडोद्याच्या मराठी समाजात ते खातं पूर्वापार आत्यांकडे आहे आणि त्यांचा निकाल आयोगासारखा मधोमध फाटत नाही.

किटी

भाचीचा खरा आक्षेप इथे, करमचंदच्या मदतनीस किटीपाशी आहे. “तो दर पाच मिनिटांनी तिला गप्प बस म्हणतो आणि तुम्ही सगळे हसता?” आक्षेप बरोबर आहे. ‘शट अप किटी’ हे वाक्य १९८५ नंतर कितीतरी वर्षं नवऱ्यांनी बायकांना, भावांनी बहिणींना ऐकवलं आणि प्रत्येक वेळी ते विनोदाने म्हटलं गेलं असं नाही.

पण मालिकेत ते कसं चालतं ते बघा. होम्सच्या वॉटसनचं काम असतं वाचकाच्या मनातला प्रश्न मोठ्याने विचारणं. किटी तेच करते, फक्त जास्त मोकळेपणाने. सुष्मिता मुखर्जी राष्ट्रीय नाट्य विद्यालयातून नुकत्याच बाहेर पडल्या होत्या. त्यांनी किटीला मठ्ठ न करता निरागस केलं, यात फार अंतर आहे. मठ्ठ माणसाला गप्प केलं की तो गप्प होतो. किटी होत नाही. पुढच्या क्षणी तिचं सुरूच. आणि शेवटी ‘सर, यू आर अ जीनियस’ असं ती म्हणते तेव्हा करमचंदचा चेहरा बघा. जगातल्या सगळ्यात हुशार माणसाला ते एका माणसाकडून ऐकायची किती गरज आहे! ती नसेल तर तो नुसता चष्मा घातलेला गृहस्थ. २००७ मध्ये सोनीवर करमचंद परत आला, पंकज कपूरच होते, किटी सुचेता खन्ना झाल्या. फारसं जमलं नाही. जोडी म्हणजे दोन माणसं असतात, एक वाक्य नसतं.

तरी भाचीने आपला मुद्दा सोडलेला नाही आणि सोडावा असं मीही म्हणणार नाही.

एकच भाग का

आता मूळ प्रश्न. गाजर, चष्मा, शट अप, जीनियस. एका रात्रीत सलग सहा भाग बघितले तर तिसऱ्या भागापाशी हे डोक्यात जातं. मी स्वतः करून पाहिलं आहे, चौथ्या भागाला टीव्ही बंद केला. पण ही पुनरावृत्ती सलग बघायला केलेलीच नव्हती. मध्ये सात दिवस असायचे. सात दिवसांत शाळा, नोकरी, केरोसीनची रांग आणि १९८५ सालच्या गुजरातेत राखीव जागांवरून पेटलेलं आंदोलनही. ते इतकं चिघळलं की जुलैत मुख्यमंत्री माधवसिंह सोळंकींना राजीनामा द्यावा लागला. अशा आठवड्याच्या शेवटी तो माणूस तेच गाजर घेऊन पुन्हा यायचा. कीर्तनात बुवा एकच अभंगाचं चरण परत परत घेतात ते आपण विसरलो म्हणून नाही, सूर जुळावा म्हणून. करमचंदची ठरलेली वाक्यं तशी धृपदासारखी आहेत. मधलं निरूपण बदलतं, खून बदलतो, धृपद आलं की सगळी माडी एकदम म्हणते.

आणि त्या सात दिवसांत गोष्ट आमची व्हायची. रेकॉर्डिंग नाही, मागे फिरवून बघणं नाही. भाग चुकला की चुकला. दुसऱ्या दिवशी शाळेत जो पाहून आला तो सांगणार, आणि सांगताना थोडी भर घालणार. माझ्या आठवणीतले काही प्रसंग मालिकेत असतील की नाही कोण जाणे, वर्गातल्या कुणीतरी रचलेलेही असतील. पुन्हा एकेक भाग बघताना मला तीच मजा घ्यायची आहे: आपण काय पाहिलं आणि काय नुसतं ऐकलं.

करमचंदनंतरची वाट झरझर सांगून टाकतो. त्याच सुमारास सत्यजित राय यांच्या फेलूदाची हिंदी मालिका आली, शशी कपूर फेलूदा आणि विनोदी जटायू आपले मोहन आगाशे. १९८७ च्या सुमारास सुमीत राघवन फास्टर फेणे झाला. १९९३ मध्ये बासूदांचा ब्योमकेश, रजित कपूर, आणि त्याची बायको सत्यवती झालेल्या सुकन्या कुलकर्णी. १९९४ ची ‘तहकीकात’ विजय आनंद आणि सौरभ शुक्लांची, इथे पुन्हा गंभीर गुरू आणि गमत्या चेला वेगळे झाले. जानेवारी १९९८ पासून शिवाजी साटम यांची ‘सीआयडी’. तिच्यावर देशाने मनमुराद विनोद केले, पण मालिका स्वतः गंभीरच राहिली. एकाच कोटात राजा आणि सोंगाड्या नंतर फारसे दिसले नाहीत. पंकज कपूर यांनी पुढे ‘ऑफिस ऑफिस’मधला मुसद्दीलाल केला आणि तो हेर नसला तरी त्याचाही प्रश्न तोच: या खात्यात खरा गुन्हेगार कोण?

रविवारची व्यवस्था अशी. साडेआठला सुरुवात. शेव-उसळ आधी, भागाच्या मध्ये काही मिळणार नाही. मधल्या जाहिराती कापलेल्या असतील, तेवढ्या वेळात कुणी गुडघे सरळ करून घ्यावेत. भाची एक वही घेऊन बसणार आहे. त्यात दर भागाला करमचंद किटीला किती वेळा गप्प बसवतो आणि किटी किती वेळा गप्प बसते, असे दोन रकाने तिने आत्ताच आखून ठेवले आहेत. गाजरं आणायचं माझ्याकडे. दिवस गाजरांचे नाहीत, पण खंडेराव मार्केटात एकाने शब्द दिला आहे.